समुद्रात हजारो जहाजांवर लायबेरियाचा झेंडा का असतो? सुरुवात केली होती अमेरिकेच्या एका माजी परराष्ट्रमंत्र्यांनी

मे 2025 मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ 'एमएससी एल्सा 3' हे कंटेनर जहाज बुडालं. कंपनी स्वित्झर्लंडची, खलाशी बहुतेक फिलिपिन्सचे आणि झेंडा पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचा. तेव्हा अनेकांना प्रश्न पडला होता, यात लायबेरिया आला कुठून?

याचं उत्तर शोधायला एडवर्ड स्टेटिनियस या माणसाच्या आयुष्यात डोकवावं लागतं.

स्टेटिनियस यांचा जन्म 1900 साली शिकागोत झाला. वडील जे. पी. मॉर्गन बँकेत भागीदार होते, त्यामुळे घरात पैसा होता. व्हर्जिनिया विद्यापीठात शिकायला गेले, पण पदवी न घेताच बाहेर पडले. तरी काही अडलं नाही. जनरल मोटर्समध्ये उपाध्यक्ष झाले आणि 1938 मध्ये, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, यूएस स्टील या अवाढव्य कंपनीचे अध्यक्ष.

दुसऱ्या महायुद्धात राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी त्यांना सरकारात आणलं. मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य पुरवणाऱ्या 'लेंड-लीज' योजनेचा कारभार त्यांच्याकडे आला. डिसेंबर 1944 मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. याल्टा परिषदेत ते रुझवेल्ट यांच्यासोबत होते. तिथून परतताना ते लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियात थांबले. तिथलं नवं बंदर लेंड-लीजच्याच पैशातून बांधलं जात होतं.

एप्रिल 1945 मध्ये रुझवेल्ट गेले. स्टेटिनियस यांनी सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद तडीस नेली. 26 जूनला तिच्यावर सह्या झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं मंत्रिपद गेलं. नवे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना त्यांच्या जागी जेम्स बर्न्स हवे होते. स्टेटिनियस यांना संयुक्त राष्ट्रांत राजदूत म्हणून पाठवलं गेलं, तेही पद त्यांनी वर्षभरात सोडलं.

अभ्यासकांनी त्यांना फार मोठा मुत्सद्दी कधी मानलं नाही. पण ते पक्के व्यावसायिक होते. 1947 मध्ये त्यांनी लायबेरियाच्या विकासासाठी एक कंपनी काढली. खाणी, शेती, व्यापार असे बरेच बेत होते. टिकला तो मात्र जहाजांचा.

खुल्या समुद्रात प्रत्येक जहाजाला कोणत्या तरी देशाचं नागरिकत्व लागतं. जहाजाची नोंदणी ज्या देशात, त्याचे कायदे जहाजावर लागू. म्हणजे कर किती, खलाशी कुठले, पगार किती, हे झेंडा ठरवतो. अमेरिकी झेंडा महाग होता, म्हणून तिथले मालक आधीपासूनच पनामात नोंदणी करत होते. पण पनामाच्या कारभाराबद्दल तक्रारी होत्या. स्टेटिनियस यांच्या कंपनीने पर्याय दिला: झेंडा लायबेरियाचा, कामकाज मात्र न्यूयॉर्कमधल्या ऑफिसातून. डिसेंबर 1948 मध्ये लायबेरियाने सागरी कायदा मंजूर केला. त्याच्या मसुद्यावरून एसो तेल कंपनीच्या लोकांचाही हात फिरला होता! ज्यांची जहाजं, त्यांनीच नियम तपासायचे.

मार्च 1949 मध्ये पहिलं जहाज नोंदवलं गेलं, ग्रीक मालक नियार्कोस यांचं 'वर्ल्ड पीस'. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला हृदयविकाराने स्टेटिनियस गेले. वय 49. पुढे काय झालं ते त्यांनी पाहिलंच नाही.

1967 पर्यंत लायबेरियाने ब्रिटनला मागे टाकलं होतं. एका छोट्या देशाला बसल्या जागी महसूल मिळू लागला, हे खरं. पण खलाशांच्या संघटनांचा अशा 'सोयीच्या झेंड्यां'ना 1948 पासून विरोध आहे. मालक एका देशात, कायदा दुसऱ्या देशाचा, मग पगार थकला किंवा अपघात झाला तर खलाशाने दाद कुणाकडे मागायची, हा त्यांचा प्रश्न.

पुढे लायबेरियात यादवी पेटली. तिथली नोंदणी सांभाळणाऱ्या मंडळींनी 1990 च्या सुमारास आणखी एक झेंडा हाताशी धरला, पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांचा. हा योगायोग बघा: स्टेटिनियस यांनी घडवलेल्या सनदेत विश्वस्त प्रदेशांची तरतूद होती आणि तिच्याच आधारे 1947 मध्ये ही बेटं अमेरिकेच्या ताब्यात दिली गेली होती. आज लोकसंख्या जेमतेम 40 हजार, पण जहाजांच्या नोंदणीत पनामा आणि लायबेरियासोबत पहिल्या तिघांत. नोंदणीचं मुख्य काम चालतं अमेरिकेतल्या व्हर्जिनियात.

2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून जवळच, 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट होऊन 11 कामगार मेले. त्या रिगवरही झेंडा मार्शल बेटांचाच होता. अमेरिकेने चौकशी केलीच, पण मार्शल बेटांच्या नावानेही एक वेगळा अहवाल निघाला.