नापास पोरांवर भरवसा ठेवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

नोकरीच्या जाहिरातीत पहिली अट शिक्षणाची असते. पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी ज्यांनी उभी केली, त्यांच्यातले काही जण मात्र शाळेत नापास झालेले होते. त्यांना हेरलं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखताच येत नाहीत. रंग सुटले, पण यंत्रांच्या ड्रॉइंगवर हात बसला. त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची नोकरी मिळाली. पुढं बढतीची पाळी आली तेव्हा यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. बेळगावात आधी सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर.

1910 मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, वर दहा हजार रुपये कर्ज. निवडुंग आणि साप, बाकी काही नाही. असल्या ठिकाणी डिग्रीवाला येणार तरी कशाला?

आले ते शंभोराव जांभेकर, शिक्षण अर्धवट सुटलेले. वाडीत ते इंजिनिअर झाले. अनंतराव फळणीकर शाळेत नापास, पण यंत्रकामात डोकं चालायचं, तेही इंजिनिअर झाले. के. के. कुलकर्णी परीक्षेत मागं, माल विकण्यात पुढं. हे काम सोपं नव्हतं. लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं, असं तेव्हा शेतकऱ्यांना वाटायचं. आपल्या आज्या-पणज्यांचं काही चुकलं नाही, एवढी महागाची वस्तू कोण लगेच घेणार? पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे, तर थोरले बंधू रामूअण्णा वसाहतीची आखणी आणि कारभार.

स्वतः लक्ष्मणराव एकदा रंगांमुळं आणि एकदा वंशामुळं मागं पडलेले. म्हणूनच असेल, माणूस घेताना कागदापेक्षा हात, डोकं आणि नियत त्यांना मोठी वाटली. वाडीत शिवाशिवीला बंदी होती. आणि रात्रीच्या राखणीला त्यांनी कोण ठेवले, तर तुरुंगात शिक्षा भोगून आलेली माणसं. ज्यांना गावात कुणी उंबऱ्यात उभं केलं नसतं, त्यांच्याच भरवशावर रात्री सगळी वाडी झोपायची.