पडद्याआडच्या स्त्रियांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

झाशी शहराच्या लक्ष्मी गेटमधून बाहेर पडले की महालक्ष्मीचे मंदिर व तलाव लागतो. या मंदिरासाठी लावून दिलेली गावे इंग्रज सरकारने संस्थान खालसा झाल्यावर काढून घेतली. राणी लक्ष्मीबाईंच्या तक्रारींत हीही एक होती. 1854 साली त्यांनी आपली बाजू मांडण्यासाठी जॉन लँग या वकिलाला बोलावले, तेव्हा दोघांमध्ये पडदा होता. राणीसाहेब आपले म्हणणे स्पष्ट सांगू शकणाऱ्या होत्या. तरीही त्यांचा अर्ज फेटाळला गेला. मग ज्यांना अक्षरओळखही नव्हती, अशा पडदानशीन विधवांचे काय होत असेल?

या प्रश्नाला ज्या स्त्रीने आपले आयुष्य दिले, ती आपल्या महाराष्ट्रात जन्मली. 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिक येथे कॉर्नेलिया सोराबजीचा जन्म झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आई फ्रान्सिना हिने पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल स्थापिले. बहीण सुसी हिनेही पुढे पुण्यातच सेंट हेलेनाज ही शाळा काढली. शिक्षणाचे वेड या घराण्याच्या रक्तातच होते असे म्हटले तरी चालेल.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली व मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली. या यशाबद्दल विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळावयास हवी होती, परंतु ती स्त्री असल्याने नाकारण्यात आली. काही काळ तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविले. पुरुष विद्यार्थ्यांना एका तरुणीने शिकवावे, हे त्या काळी केवढे धाडस! पुढे लेडी हॉबहाउस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आदी हितचिंतकांनी वर्गणी जमविली आणि 1889 मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. 1892 साली बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री ठरली. पदवी मात्र हाती पडावयास 1922 साल उजाडले!

मायदेशी परतल्यावर तिने 1897 मध्ये मुंबईची एलएल.बी. व 1899 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही न्यायालयाचे दार उघडेना. काठेवाड व इंदूर येथील एजंटांच्या कचेऱ्यांत अर्ज दाखल करण्याची परवानगी होती, पण उभे राहून युक्तिवाद करण्याची नव्हती.

अडचण काय होती ते पाहा. जमीनदार वारला की त्याच्या विधवेकडे कारभारी कागद पाठवी. ती पडद्याआडून अंगठा उठवी. कागदात काय आहे हे तिला कोण समजावणार? परपुरुष वकिलाला आत प्रवेश नाही आणि स्त्री वकिलाला सनद नाही. कॉर्नेलियाने सरकारकडे सतत पाठपुरावा केला, तेव्हा 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये तिची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा प्रवास करीत वीस वर्षांत तिने सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुलांचे हक्क राखले. विधवा व अनाथ यांचा समाचार घेणे म्हणजे काय, हे शास्त्र वाचणाऱ्या आपल्याला निराळे सांगावयास नको.

अखेर 1921 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तिला वकील म्हणून नोंदवून घेतले. झाशी याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येते. 1923 च्या कायद्याने देशभर स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाली व कॉर्नेलिया कलकत्त्यास बॅरिस्टर म्हणून काम करू लागली.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. स्वराज्याच्या चळवळीला व गांधीजींना तिने विरोध केला, कॅथरीन मेयोच्या 'मदर इंडिया'ची बाजू घेतली. प्रस्तुत लेखकास यात तिची मोठी चूक दिसते. ज्या सरकारने तिला तीस वर्षे दाराबाहेर तिष्ठत ठेविले, त्याच्यावरच तिचा विश्वास राहिला! देशबांधव दुरावले, सुधारक स्त्रियाही दूर झाल्या. 1929 मध्ये ती लंडनला गेली आणि 6 जुलै 1954 रोजी तेथेच तिचा अंत झाला. लिंकन्स इनमध्ये तिचा अर्धपुतळा बसविला गेला तो 2012 मध्ये.