गव्हाच्या वाणांचे जतनकर्ते निकोलाय वाव्हिलोव्ह

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह (१८८७–१९४३) यांनी इराण, अफगाणिस्तान, इथिओपिया येथून गव्हाचे असंख्य स्थानिक वाण गोळा केले. रोग, थंडी, अवर्षण सोसण्याचे गुण या दुर्लक्षित वाणांतच दडलेले असून संकराने ते नव्या गव्हात उतरवता येतील, ही त्यांची धारणा होती. मात्र आनुवंशिकीच नाकारणाऱ्या लायसेंकोंना स्टालिनचे पाठबळ लाभले आणि १९४० मध्ये वाव्हिलोव्ह यांना अटक झाली. ज्या सारातोव्ह शहरात त्यांनी कधीकाळी अध्यापन केले, तेथील तुरुंगातच अन्नावाचून खंगून त्यांचा अंत झाला. इकडे वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे काही सहकारी भुकेने मरण पावले. संस्थेतील बियाण्याला त्यांनी हात लावला नाही.