संत फ्रान्सिस झेवियर यांचें गोव्यांतील बिऱ्हाड

पोटापाण्यासाठीं देवगांव फाट्यावरून अनोळखी शहरीं जाणाऱ्यास पहिली चिंता असते ती बिऱ्हाडाची. अशा वेळीं संत फ्रान्सिस झेवियर यांचें चरित्र आम्हांस आठवतें.

७ एप्रिल १५४१ रोजीं त्यांनीं लिस्बन सोडलें. वाटेंत मोझांबिक येथें गलबतांस कित्येक महिने थांबावें लागलें. तेरा महिन्यांनीं, ६ मे १५४२ रोजीं, ते गोव्यास पोहोंचले. पोपमहाशयांचे प्रतिनिधि म्हणून त्यांस मानाचें घर सहज मिळालें असतें; परंतु त्यांनीं रुग्णालयांत वस्ती केली. येथील भाषा ठाऊक नसतांही रुग्णांची शुश्रूषा करावी, बंदिवानांस भेटावें, रविवारीं नगराबाहेरील कुष्ठरोग्यांसाठीं मिस्साबलि अर्पावा, घंटा वाजवून मुलें जमवावीं व त्यांस धर्मशिक्षण द्यावें, असा त्यांचा क्रम असे. कांहीं महिन्यांतच ते दक्षिणेकडील पारव कोळ्यांकडे गेले.

३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनजवळील बेटावर त्यांचें देहावसान झालें. १५५४ सालीं त्यांचा देह मात्र गोव्यासच आणण्यांत आला.

आमच्या तरुणांनींही परगांवीं खोलीबरोबरच तेथील ख्रिस्तमंदिराचा व आजारी शेजाऱ्याचा शोध करावा, आणि आपल्या गांवीं आलेल्या नवख्यास आम्हीं सर्वांनीं दार उघडावें, हीच या ज्युबिलीनिमित्त आमची प्रार्थना.