करवीर नगरीचे रचनाकार शाहू छत्रपती

शाहू छत्रपतींच्या सामाजिक कार्याची महती आमच्या ज्ञातिबांधवांस नव्याने सांगावयास नको. परंतु नगर वसविणारा राजा म्हणून त्यांच्या चरित्राकडे क्वचितच पाहिले जाते; म्हणून आम्ही येथे तेवढाच विचार करीत आहोत.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातून ते १८८४ साली करवीरच्या गादीवर दत्तक आले व २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. १८९१ सालीच कोल्हापुरास आगगाडी आली होती. परंतु अंबाबाईच्या देवळाभोवती दाटीने वसलेल्या जुन्या गावात वाढत्या व्यापारास पुरेशी जागा नव्हती. महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही नवी व्यापारपेठ वसविली. गुळाचा शेतकरी, अडत्या आणि आगगाडी यांची तेथे सांगड पडली. पुढे १९०६ साली शाहू मिलचा पाया घातला गेला.

नुसत्या बाजाराने मात्र नगर होत नाही, हे महाराज जाणून होते. खेड्यातून शिकावयास येणाऱ्या मुलास शहरात आसरा नसे. १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. आपल्यांतील कित्येक घरांत शिक्षणाचा पहिला दिवा अशाच एखाद्या वसतिगृहात लागला, हे आम्ही विसरू शकत नाही. १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान व १९१५ साली पॅलेस थिएटर झाले. श्रमकऱ्याच्या विरंगुळ्याचीही सोय झाली.

पाण्याविषयीची त्यांची दृष्टी तर सर्वांहून लांबची. भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधण्याचे त्यांनी १९०७ साली योजिले. पैशाअभावी काम मध्येच थांबले आणि ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते अपुरेच होते. पुढील पिढ्यांनी ते पुरे केले. स्वतःच्या डोळ्यांनी फळ पाहण्याचा हव्यास न धरता झाड लावणे, हीच खरी नगररचना होय.

२०१९ व २०२१ साली पंचगंगेचा पूर शहराच्या वस्तीत शिरला, तेव्हा ही गोष्ट आम्हांस फार आठवली. नदीची पसरण्याची जागा आपणच भराव घालून व्यापीत आलो आहोत. महाराजांच्या तसबिरीस हार घालणे सोपे. परंतु घरासाठी जागा घेताना पूररेषा पाहणे, ओढा न बुजविणे, हे त्यांच्या स्मृतीस अधिक शोभेल. आपल्या ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबाने एवढा नेम पाळावा, अशी आमची नम्र विनंती आहे.