त्रिपुरीचे राष्ट्रपती

जबलपूर शहरात बडा फुहाऱ्याजवळ कमानिया गेट उभे आहे. सिग्नल्समध्ये भरती झाल्यावर माझे प्रशिक्षण जबलपूरलाच झाले. रविवारी आउटपास मिळाला की आम्ही चार-पाच मराठी मुले तिकडे जात असू. गरम खोव्याची जिलबी खायची, सराफ्यातून एक चक्कर मारायची आणि वेळेच्या आत बराकीत परतायचे, एवढाच आमचा कार्यक्रम. एकदा उस्तादांनी परेडनंतर विचारले, की ज्या गेटखाली दर रविवारी हिंडता ते कशासाठी बांधले आहे? आम्ही सारे गप्प. तेव्हा त्यांनी सांगितले, की १९३९ साली जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, त्याची आठवण म्हणून हे गेट आहे. आणि त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते.

ही गोष्ट मला गेल्या वर्षी पुन्हा आठवली. आपल्या शाळेत हाउस कॅप्टन झालेला एक छात्र माझ्याकडे आला. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. दिलेली प्रत्येक शिक्षा रजिस्टरमध्ये लिहून हाउसमास्तरांची सही घ्यायची, असा नियम त्याच्या कानावर आला होता. त्याचे म्हणणे सरळ होते. मला फीत दिली आहे तर अधिकारही पुरता द्या, नाही तर फीत परत घ्या. मी त्याला बसवले आणि त्रिपुरीची हकिगत सांगितली. तीच येथे सर्वांसाठी लिहितो.

सुभाषबाबूंचा जन्म २३ जानेवारी १८९७ रोजी कटकला झाला. वडील जानकीनाथ वकील होते. मुलगा हुशार; पण १९१६ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात एका इंग्रज प्राध्यापकावर विद्यार्थ्यांनी हात टाकला, त्या प्रकरणात सुभाषला कॉलेजातून काढून टाकण्यात आले. पुढे स्कॉटिश चर्च कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला. लष्करात जाण्याची त्याला फार हौस होती. एकोणपन्नासाव्या बंगाली पलटणीसाठी त्याने अर्ज केला, पण डोळे कमजोर म्हणून तो नापास झाला. मग विद्यापीठाच्या छात्रदलात नाव घातले, तंबूत राहिला, रायफल चालवायला शिकला आणि त्या दिवसांचा आनंद त्याला जन्मभर पुरला. मेडिकलमध्ये नापास झालेला हा मुलगा पुढे एका फौजेचा सरसेनापती झाला, हे आपल्या छात्रांनी ध्यानात ठेवावे.

१९२० साली आय.सी.एस. परीक्षेत ते चौथे आले. पुढच्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला आणि मुंबईला उतरून गांधीजींची भेट घेतली. चित्तरंजन दास यांच्या हाताखाली ते राजकारण शिकले, कलकत्ता महापालिकेचे मुख्याधिकारी झाले, आणि खटला न चालवताच सरकारने त्यांना मंडालेला पाठवले. लोकमान्य टिळकांनी सहा वर्षे काढली तोच हा तुरुंग. जानेवारी १९३२ मध्ये कल्याणला त्यांना पुन्हा पकडले आणि सिवनीच्या तुरुंगात व तेथून जबलपूरच्या मध्यवर्ती कारागृहात ठेवले. त्या कारागृहाला आज त्यांचेच नाव आहे. जबलपूरशी त्यांचा पहिला संबंध हा असा कैदी म्हणून आला.

दुसरा आला तो राष्ट्रपती म्हणून. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक राष्ट्रपतीच म्हणत. १९३८ साली हरिपुऱ्याला सुभाषबाबू एकमताने अध्यक्ष झाले. त्यांच्या पहिल्याच वर्षी आपल्या मराठी मुलखाजवळचे एक प्रकरण त्यांच्यापुढे आले. मध्यप्रांत आणि वऱ्हाडचे मुख्यमंत्री नागपूरचे डॉ. ना. भा. खरे होते. आपल्या मंत्रिमंडळातल्या महाकोशलच्या मंत्र्यांशी त्यांचे पटेना. वरिष्ठांना न विचारता त्यांनी स्वतः राजीनामा दिला, इंग्रज गव्हर्नराकडून त्या मंत्र्यांना दूर करवले आणि नवे मंत्रिमंडळ बनवले. जुलैमध्ये वर्ध्याला कार्यकारिणी बसली आणि डॉ. खऱ्यांना पद सोडावे लागले. अध्यक्ष म्हणून सुभाषबाबू या निर्णयाच्या बाजूने ठाम उभे राहिले. मुख्यमंत्री झाला तरी तो संघटनेला जबाबदार आहे, असा त्याचा अर्थ होता. नागपुरात पुष्कळांना तो अन्याय वाटला. पण तत्त्व मांडले गेले होते, आणि आठ महिन्यांनी तेच तत्त्व मांडणाऱ्याच्या दारात येऊन उभे राहिले.

जानेवारी १९३९ मध्ये सुभाषबाबूंनी दुसऱ्यांदा निवडणूक लढवली. गांधीजींची पसंती पट्टाभी सीतारामय्यांना होती. सुभाषबाबू सुमारे २०० मतांनी निवडून आले. पट्टाभींची हार ती आपली हार, असे गांधीजींनी जाहीर केले. फेब्रुवारीत वल्लभभाई, राजेंद्रबाबू यांच्यासह कार्यकारिणीच्या बारा सभासदांनी राजीनामे दिले. सेनापती निवडून आला, पण त्याच्या स्टाफने बिल्ले उतरवून ठेवले, अशी ही स्थिती होती.

मार्चमध्ये नर्मदाकाठी तिलवाऱ्याजवळ अधिवेशनाचे नगर वसले. अधिवेशन बावन्नावे, म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती आणले होते. पण ज्याची मिरवणूक तोच त्यात नव्हता. सुभाषबाबू तापाने फणफणले होते. मिरवणुकीत त्यांची तसबीर होती आणि ते स्वतः स्ट्रेचरवरून मंडपात आले. त्यांचे छोटेसे भाषण बंधू शरदबाबूंनी वाचून दाखवले. इंग्रजांना सहा महिन्यांची मुदत द्यावी आणि मग लढा पुकारावा, असे त्यात होते. युरोपात युद्ध जवळ आले आहे हे त्यांनी ओळखले होते. सप्टेंबरात ते पेटलेच. गांधीजी त्या वेळी राजकोटला होते.

त्याच मंडपात गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला. जुन्या कार्यकारिणीवर विश्वास आहे, आणि अध्यक्षांनी नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी, असा त्याचा आशय होता. आता नियम पाहा. काँग्रेसच्या घटनेप्रमाणे कार्यकारिणी नेमण्याचा अधिकार अध्यक्षाचा होता. ठरावाने तो हक्क काढून घेतला नाही, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली. शिवाय गांधीजी १९३४ पासून काँग्रेसचे साधे सभासदही नव्हते. म्हणजे निवडून आलेल्या अध्यक्षाने अशा व्यक्तीच्या मर्जीने चालायचे, की जी संघटनेच्या कोणत्याही नियमाने बांधलेली नाही.

येथे सुभाषबाबूंच्या हाती एक शस्त्र होते. सभेचे अध्यक्ष तेच होते. हा ठराव घटनेविरुद्ध आहे, असे सांगून ते तो फेटाळू शकत होते. त्यांचे मत तसे होतेही. नंतर गांधीजींना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी ते स्पष्टपणे मांडले. पण त्यांनी ते शस्त्र उचलले नाही. आपल्याविरुद्ध मत पडण्याचा संभव असताना नियमाच्या आडोशाला लपणे त्यांना मर्दपणाचे वाटले नाही. ठराव मतास टाकला गेला आणि मंजूर झाला.

पुढचे सुमारे सात आठवडे पत्रांत गेले. धनबादजवळ जामाडोब्याला अंथरुणावर पडून सुभाषबाबू गांधीजींना लिहीत होते, की ठरावाप्रमाणे आपण नावे सुचवा. गांधीजींचे उत्तर असे, की मी नावे लादणार नाही, तुम्ही आपल्या मताची कार्यकारिणी नेमा. पण तसे केले तर ठराव मोडतो, आणि न केले तर काम बंद पडते. २९ एप्रिल १९३९ रोजी कलकत्त्याच्या बैठकीत सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. राजेंद्रबाबू अध्यक्ष झाले. मेमध्ये फॉरवर्ड ब्लॉक निघाला, आणि ऑगस्टमध्ये शिस्तभंगाबद्दल सुभाषबाबूंना तीन वर्षे काँग्रेसमध्ये पदे घेण्यास बंदी झाली.

यात चूक कोणाची, यावर आजही वाद होतात. मला त्यात न्यायाधीश व्हायचे नाही. पंतांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे: प्रतिनिधींनी अध्यक्ष निवडला तसा ठरावही प्रतिनिधींनीच केला. ज्या मतांनी फीत मिळते, तीच मते तिला गाठही मारू शकतात. पण गाठ कशी मारायची यालाही रीत असते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मंत्री निवडतो, मात्र सिनेटची संमती लागते. हा नियम आधी लिहिलेला आहे आणि प्रत्येकाला सारखा आहे. तेथे १९५१ पासून कोणालाही दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही. १९७४ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ध्वनिफिती न्यायालयाला देण्याचे नाकारले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्या द्यायला लावल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. तेथेही हा प्रश्न संपलेला नाही. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्षाला अधिकृत कामांबाबत फौजदारी खटल्यापासून बरेच संरक्षण दिले, आणि त्यावर कडाक्याचा मतभेद झाला. निवडणूक झाल्यानंतर, एका माणसाला समोर ठेवून, दुसऱ्या एका माणसाच्या इच्छेशी बांधलेली त्रिपुरीची गाठ मात्र कशीच सुटेना.

आपल्या राज्यघटनेने हे आधीच लिहून ठेवले आहे. सैन्यदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. पण ते कायद्याने चालवायचे, असे ५३ वा अनुच्छेद सांगतो. ७४ व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. घटनेचा भंग केला तर ६१ व्या अनुच्छेदाप्रमाणे महाभियोग आहे. आपण ज्यांच्या नावाने कमिशन घेतो, त्यांनाही रजिस्टर आहे.

पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्याच्या घरातल्या नजरकैदेतून सुभाषबाबू निसटले, पेशावर-काबूलवरून बर्लिनला गेले, १९४३ साली पाणबुडीने पूर्वेकडे आले आणि सिंगापुरात आझाद हिंद फौजेची सूत्रे त्यांनी हाती घेतली. २१ ऑक्टोबर १९४३ च्या हंगामी सरकारात राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान आणि युद्धमंत्री तेच. आता त्यांचा हात धरणारी कोणतीही सभा नव्हती. तरी फौजेच्या ब्रिगेडना नावे होती ती गांधी, नेहरू आणि आझाद यांची, आणि जुलै १९४४ मध्ये त्यांनी रेडिओवरून गांधीजींना राष्ट्रपिता म्हणून आशीर्वाद मागितला. इंफाळची मोहीम फसली. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैपेईच्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला चालला, तेव्हा बचावासाठी काँग्रेसनेच वकील उभे केले आणि नेहरूंनी पुन्हा बॅरिस्टरचा झगा चढवला. फेब्रुवारी १९४६ मध्ये जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधले जवान बराकी सोडून मिरवणुकीने शहरात गेले, त्यामागेही या खटल्याची आच होती.

माझे सांगून झाल्यावर त्या छात्राने नेमका प्रश्न विचारला. सर, नेताजींनीही शेवटी राजीनामाच दिला ना? मग मी फीत परत केली तर काय चुकले?

मी थोडा वेळ थांबलो, कारण प्रश्न खरा होता. मग म्हणालो, की त्यांनी राजीनामा दिला. पण आधी विरोधी ठराव मतास टाकू दिला, हरले ते मान्य केले, सात आठवडे तापातही मार्ग शोधला आणि खुर्ची न मोडता दुसऱ्याच्या हाती दिली. तू अजून रजिस्टर उघडलेलेही नाहीस. आणि तुझा नियम तुझ्यासाठी नव्याने केलेला नाही; तुझ्या आधीच्या प्रत्येक कॅप्टनला तो होता. महिनाभर लिहून बघ. मग फीत परत करावीशी वाटली तर मी स्वतः ती घेईन.

तो सॅल्यूट करून गेला. महिन्याने तो आला, पण फीत परत करायला नाही. रजिस्टरमधल्या दोन शिक्षा लिहिताना त्याच्या स्वतःच्याच लक्षात आले होते, की त्या रागाच्या भरात दिल्या गेल्या. त्या रद्द करायच्या झाल्या तर सही कोणाची लागेल, हे विचारायला तो आला होता.

जबलपूरला कधी गेलात तर जिलबी जरूर खा. मग क्षणभर कमानिया गेटखाली उभे राहून मान वर करून पाहा. ज्याला स्ट्रेचरवरून आणले गेले आणि ज्याने नियमाचा आडोसा घेतला नाही, त्या राष्ट्रपतीच्या अधिवेशनाची ती खूण आहे.