रुग्णशय्येवरील संशोधक

फ्रान्समधील दोल या गावी, कातडी कमावणाऱ्या एका कारागिराच्या घरी, २७ डिसेंबर १८२२ रोजी लुई पाश्चर यांचा जन्म झाला. रसायनशास्त्रात त्यांनी तरुणपणीच नाव मिळविले. द्राक्षरस आंबतो, दूध नासते, याच्या मुळाशी डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले.

त्या काळी दक्षिण फ्रान्समध्ये रेशमाच्या किड्यांवर एका रोगाची साथ पसरली होती. किड्यांच्या अंगावर मिरपुडीसारखे काळे ठिपके उठत आणि कोश विणण्यापूर्वीच ते मरून जात. रेशमावर पोट भरणारी कुटुंबे अन्नास महाग झाली. १८६५ मध्ये आपले गुरू द्यूमा यांच्या आग्रहावरून पाश्चर यांनी हे काम पत्करले. तोवर त्यांनी रेशमाचा किडा हातातही धरला नव्हता! आलेस या गावी राहून त्यांनी उपाय शोधला. मादी पतंगाने अंडी घातली, की तिला खलात घोटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाचे; रोगाचे कण दिसले, तर तिची अंडी जाळून टाकावयाची. उपाय साधा होता. परंतु किड्यांना आणखी एक निराळा रोगही होत असे, आणि अंड्यांचे व्यापारी तर पाश्चर यांच्या पद्धतीला नावेच ठेवीत.

१९ ऑक्टोबर १८६८ रोजी पाश्चर यांच्या डाव्या अंगाला मुंग्या आल्या. तरीही ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एक निबंध वाचावयास गेले. पत्नी मारी यांच्या मनात धाकधूक होती. त्या दारापर्यंत सोबत गेल्या. सभा आटोपून पाश्चर घरी आले, जेवून अंथरुणावर पडले, आणि अर्धांगवायूने त्यांना गाठले. तोंडातून शब्द फुटेना. डावा हात व पाय लुळे पडले. त्यांचे वय तेव्हा अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते.

बुद्धी मात्र शाबूत होती. आठवडा उलटतो न उलटतो, तोच त्यांनी त्या दुसऱ्या रोगाविषयीचे एक टिपण अंथरुणावरूनच शिष्याला सांगितले. ते अकादमीत वाचले गेले. याच सुमारास त्यांच्या नव्या प्रयोगशाळेचे बांधकाम थांबले. पाश्चर आता जगत नाहीत, मग खर्च कशाला, असा अधिकाऱ्यांचा हिशेब होता. ही गोष्ट रुग्णाच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नाही आणि तिचे शल्य त्यांना फार बोचले. अखेर सम्राट तिसऱ्या नेपोलियनपर्यंत वार्ता पोहोचली, तेव्हा काम पुन्हा सुरू झाले.

जानेवारी १८६९ मध्ये, आजारास पुरते तीन महिने होतात तोच, पाश्चर आलेसकडे निघाले. थंडीचे दिवस, लांबचा आगगाडीचा प्रवास आणि धड उभेही राहता न येणारा प्रवासी! तेथे खुर्चीवर वा अंथरुणावर पडून ते सांगत आणि शिष्य तपासणी करीत. ल्यों शहरातील रेशीम मंडळाने त्यांच्याकडे खात्रीची अंडी मागितली. पाश्चर यांनी चांगल्या अंड्यांबरोबर मुद्दाम रोगटही अंडी पाठविली आणि कोणत्या पुडीतील किडे जगतील, कोणते कोणत्या रोगाने मरतील, हे आगाऊच कळविले. हंगाम संपला, तेव्हा सारे त्यांनी कळविल्याप्रमाणेच घडले होते.

डावा हात पुढे कधीच पूर्ववत झाला नाही. चालताना पायही ओढत असे. प्रयोगातील नाजूक कामे एमिल रू, शार्ल शांबरलां यांसारखे सहकारी करीत. त्यांच्या हातांचे हे ऋण विसरता कामा नये. १८८१ मध्ये मेंढ्यांना होणाऱ्या काळपुळी रोगावरील लस यशस्वी ठरली. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला नऊ वर्षांचा जोसेफ मायस्टर पाश्चर यांच्याकडे आला. त्याला लस टोचली ती डॉक्टर ग्रांशे यांनी. पाश्चर यांचा हात अधू होता म्हणून नव्हे, तर ते वैद्य नव्हते म्हणून. मुलगा वाचला.

१८८७ मध्ये त्यांना पुन्हा झटका आला आणि जीभ जड झाली. पुढच्या वर्षी, १४ नोव्हेंबर १८८८ रोजी, पॅरिसमध्ये त्यांच्या नावाच्या संस्थेचे उद्घाटन झाले. पाश्चर यांनी आपले भाषण लिहून आणले होते. पण त्यांचा कंठ दाटून आला. तेव्हा ते त्यांच्या मुलाने वाचून दाखविले आणि पाश्चर जवळच बसून ऐकत राहिले.